तुरुंगात जाऊन आलेला जावई

परदेशी जायचं मी ठरवलं ते एका टेबलफॅनमुळे. आमच्या सातपूरच्या कारखान्यातल्या एका वेल्डरचा मेहुणा बहरीनहून सुट्टीवर आला होता आणि येताना त्याने हा पंखा आणला होता. वेल्डरने आम्हा सगळ्यांना सहकुटुंब पंखा बघायला बोलावलं. (मेहुणा बघायला नव्हे, पंखा बघायला. मेहुणा कोपऱ्यात बसून होता, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.) पंखा मान वळवून एकेका पाहुण्याला वारा घालत होता. माझी पाळी आली तेव्हा माझी बायको सुमन कानाशी येऊन म्हणाली, "तुमच्यात काय कमी आहे?"

हा प्रश्न बायकोने विचारला की नवऱ्याने उत्तर द्यायचं नसतं, काहीतरी करून दाखवायचं असतं. मी रजा टाकली आणि मुंबईला एका एजंटकडे गेलो. बहरीनच्या एका कंपनीला स्टोअर-कीपर हवा होता आणि मी कारखान्यात लग्नाच्या आधीपासून तेच काम करत होतो. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने मला चार-दोन नट-बोल्टांची नावं विचारली. मी त्याने न विचारलेल्यांचीही सांगितली. शेवटी त्याने हात जोडले आणि माझी निवड झाली.

आमचं घर म्हणजे एकच खोली. सुमनने स्टो पेटवला की भाकरी आणि पाहुणा दोघंही बरोबरच शेकून निघत. बहरीनचं ऐकल्याबरोबर सुमनने मागच्या अंगाला खडूने स्वयंपाकघर आखलं. इथे ओटा, इथे खिडकी, इथे भांड्यांची फळी. मला त्या खडूच्या रेघेवरून चालायचीही बंदी झाली. मी वळसा घालून मोरीकडे जाऊ लागलो.

सगळं सुरळीत होतं. फक्त एजंटने निघता निघता एक विचारलं होतं. व्हिसासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागेल, तेव्हा कधी अटकबिटक झालेली नाही ना? ज्याला अटक झाली त्याने व्हिसाचं नाव काढायचं नाही, असं तो म्हणाला. मी नुसता हसलो. तो समजला, झालेली नाही. मी हसलो होतो कारण मला काही सुचत नव्हतं.

कारण मला अटक झाली होती. नुसती झाली नव्हती, ती झाली म्हणून तर माझं लग्न झालं होतं.

हे जरा सांगायला हवं. माझे सासरे कोंडाजीबाबा. त्यांनी मिसरूड फुटायच्या वयात काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात तुरुंग पाहिला. पुढे रेल्वेत गँगमनची नोकरी केली, पेन्शनीत निघाले, पण आयुष्यात आपण काय केलं म्हणून कोणी विचारलं तर ते रेल्वेचं नावही घेत नाहीत. मी सुमनला बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. त्यांनी विचारलं, "तुरुंगात कितीदा गेलात?"

मी अभिमानाने सांगितलं, एकदाही नाही. (दुसऱ्या कुठल्याही घरात हे उत्तर बरोबर ठरलं असतं.) कोंडाजीबाबा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पोहे खा." तेवढ्यावर ते स्थळ मोडलं.

त्यानंतर नामांतराचा सत्याग्रह आला. मी गेलो असतोच. मराठवाड्यात आपल्या माणसांची घरं जळाल्याच्या बातम्या वाचून आमच्या पंचशीलनगरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागितलं म्हणून घरं जाळली होती. पण कलेक्टर कचेरीसमोर रस्त्यावर बसताना सुमनचा चेहराही डोळ्यांपुढे होता, हे काही मी नाकारत नाही. पोलिसांनी आम्हाला उचलून गाडीत घातलं. शेजारी काळू होता, तो स्टोअरमध्ये माझ्याच हाताखाली काम करायचा. आठवडाभर आम्ही नाशिकरोडच्या जेलमध्ये राहिलो. सुटलो तेव्हा फाटकाशी कोंडाजीबाबा स्वतः हार घेऊन उभे होते. हार गळ्यात घालता घालता त्यांनी विचारलं, "पुढल्या महिन्यातला कोणता रविवार बरा?" आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, सुट्टी बघतात.

त्या क्षणाचा फोटो आमच्या भिंतीवर आहे, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली, मान राखून. हार फार मोठा होता, त्यामुळे फोटोत प्रामुख्याने झेंडू दिसतो. पण ज्यांना माहीत आहे त्यांना वरच्या बाजूला माझे डोळेही दिसतात. तेव्हापासून सासरे कुठल्याही लग्नात माझी ओळख "हे आमचे तुरुंगात जाऊन आलेले जावई" अशीच करून देतात. आपली माणसं उठून खुर्ची देतात. परकी माणसं आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतात.

असा हा माझा गौरव, आणि तोच आता लपवायचा होता.

मी वस्तीत सगळ्यांच्या पाया पडलो. पोलीस चौकशीला येतील तेव्हा अटकेचं तेवढं बोलू नका. वस्तीला माझ्या परदेशी जाण्याचं कौतुक होतं, पण अडचण काढली शेजारच्या भिमाबाईंनी. आम्ही जेलमध्ये होतो तेव्हा याच भिमाबाई फाटकाबाहेर बसून गाणी म्हणायच्या. त्या म्हणाल्या, "दर रविवारी विहारात पंचशील घेते मी. खोटं बोलणार नाही म्हणून हात जोडते आणि सोमवारी पोलिसापुढं खोटं बोलू? नाय जमायचं."

यावर बराच खल झाला. शेवटी काळूने तोड काढली. खोटं कोणी बोलायचंच नाही. अटकेचा विषय टाळायचा आणि बाकी माझ्याबद्दल जे जे खरं असेल तेवढंच सांगायचं. भिमाबाईंना हे पटलं. मलाही पटलं. माझ्याबद्दल खरं असं किती निघेल, याचा मी त्या वेळी विचार केला नव्हता.

सासरे रोज आमच्याकडे येत, पण त्यांना यातलं काहीही सांगणं शक्य नव्हतं. त्यांना सुमनने घोटीला आपल्या थोरल्या बहिणीकडे पाठवलं, नवा तांदूळ निघाला आहे आणि अक्का तुमची आठवण काढते म्हणून. भिंतीवरच्या फोटोवर तिने कॅलेंडर टांगलं. टांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हा मला कसंतरीच झालं. पण मागे खडूच्या रेघा दिसत होत्या. मी कॅलेंडर जरा सरळ केलं.

हवालदार आले ते रविवारी सकाळी. सावळीराम त्यांचं नाव. अंगाने स्थूल, सायकलने दमलेले, स्वभावाने मात्र गरीब वाटले. खाटेवर बसून त्यांनी टोपी काढली, पाणी प्यायले आणि शेजारच्यांना बोलवा म्हणाले. बोलवायची गरजच नव्हती. निम्मी वस्ती दारात उभी होती.

"माणूस कसा आहे?" हवालदारांनी विचारलं.

"भित्रा," भिमाबाई म्हणाल्या. "पाल दिसली की सुमनला हाक मारतो."

मी समाधानाने मान डोलावली. सुरुवात उत्तम झाली होती. मग काळूने स्टोअरमधल्या उंदराची हकिगत सांगितली. उंदीर निघाला की खाली आम्ही आणि टेबलावर हे, असं तो म्हणाला आणि मी टेबलावर कसा उभा राहतो ते त्याने करूनही दाखवलं. दारातली माणसं हसली. मला ते तितकंसं आवडलं नाही, पण खरं होतं.

हवालदारांनी भांडण-मारामारीबद्दल विचारलं. यावर मागून कोणीतरी म्हणालं, त्याला भांडणात घेतो कोण? रेशनच्या रांगेत लोक माझ्यापुढे कसे घुसतात आणि मी उलट त्यांची पिशवी कशी धरतो, हे एकाने सांगितलं. दुसऱ्याने मी कुत्र्याला भिऊन सायकलसकट गटारात गेल्याचं सांगितलं. तिसऱ्याने ते कुत्रं नव्हतं, शेळी होती, अशी दुरुस्ती केली. (तीही खरी होती.) आता लोकांना रंग चढला होता. पंचशीलाला कुठेही धक्का न लावता माझी अब्रू जात होती आणि मी यजमान म्हणून सगळ्यांना बसायला सांगत होतो. हवालदार माझ्याकडे आधी संशयाने बघत होते, ते आता कीव आल्यासारखे बघू लागले.

"म्हणजे गरीब माणूस आहे," ते म्हणाले.

"लय गरीब," भिमाबाई म्हणाल्या. "पोलिसाची शिट्टी ऐकली तरी याचे पाय लटपटतात."

"कोणाचे पाय लटपटतात?"

दारातली माणसं बाजूला झाली. कोंडाजीबाबा उभे होते, खांद्यावर तांदळाची गोणी घेऊन. घोटीला त्यांना करमलं नव्हतं. त्यांनी गोणी खाली ठेवली, दम घेतला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. काळू हळूच भिमाबाईंच्या मागे सरकला.

"माझ्या जावयाला भित्रा कोण म्हणतंय?" ते म्हणाले. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. कॅलेंडर बघून त्यांना सगळं कळलं की काहीच कळलं नाही, कोणास ठाऊक. ते सरळ गेले, कॅलेंडर काढून खाटेवर टाकलं, फोटो खिळ्यावरून उतरवला आणि धोतराच्या सोग्याने काच पुसून हवालदारांपुढे धरला.

"हे बगा सायेब. तुरुंगात जाऊन आलाय ह्यो. मी बी जाऊन आलोय. आमच्या घरात भित्र्याला पोरगी देत नाय."

हवालदारांनी फोटो उलटसुलट केला. "यात हार दिसतोय. माणूस कुठाय?"

बाबांनी झेंडूच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं. हवालदारांनी एकदा फोटोतल्या डोळ्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग कागदावरचं पेन उचलून ते मला म्हणाले, "पगारे, हे लोक काहीही सांगतील. तुम्ही सांगा. झाली होती अटक?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. सुमन चहाचे कप घेऊन मागच्या उंबऱ्यात उभी होती. तिच्या मागे, उघड्या दारातून, तिचं खडूचं स्वयंपाकघर दिसत होतं. मी नुसतं नाही म्हटलं असतं तर सासरे खोटे पडले असते. हो म्हटलं असतं तर ओटा गेला, खिडकी गेली, फळी गेली. मी सुमनकडे बघितलं. ती मला खुणेनेही काही सांगेना. पण बाबांनी फोटो परत हातात घेतला होता आणि ते सोग्याने त्याची काच पुन्हा पुसत होते, ते मात्र आम्ही दोघांनीही बघितलं.

"झाली होती," मी म्हणालो. "नामांतराच्या सत्याग्रहात. पुन्हा वेळ आली तर पुन्हा होईल. लिहून घ्या."

माझा आवाज इतका स्वच्छ निघाला की मलाच आश्चर्य वाटलं. खरं सांगतो, आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, हाराच्या वेळीही नाही. तेव्हा पोलिसांनी उचललं म्हणून गेलो होतो. आज मी आपणहून उभा होतो. (उभा होतो असं आठवतं. सुमन म्हणते बसलेलाच होतो.)

सुमनने कप खाली ठेवले आणि ती हवालदारांना म्हणाली, "नुसतं अटक लिहू नका हो. सत्याग्रहात, असं नीट लिहा. नाहीतर लोकांना वाटेल चोरी केली."

हवालदारांनी नीट लिहिलं, चहा प्यायला आणि जाताना माझ्याशी हात मिळवला. ते वळले तसे भिमाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग त्यांनी पाल, उंदीर आणि शेळी या सगळ्यांबद्दल माझी माफी मागितली.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज वस्तीतला थोर माणूस म्हणून मिरवलो असतो. पण आमच्या वस्तीची एक रीत आहे. कोणी काही सोसलं, सोडलं, दिलं की त्याचा सत्कार करायचा, आणि तोही हार ताजे मिळतात तोवर. त्याच संध्याकाळी विहारासमोर सतरंजी पडली, माईक लागला. नामांतरासाठी परदेशच्या नोकरीवर पाणी सोडणारे म्हणून माझं नाव पुकारलं. बाबा दोन शब्द बोलायला उठले आणि एकच बोलू शकले. "जावई," एवढंच म्हणून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. समोर बसलेल्या सुमनने मान ताठ केली होती. ती तशी बसली की मला कारखान्याचा मालक झाल्यासारखं वाटतं.

आणि मग त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

मी आभार मानून खाली बसायला हवं होतं. पण टाळ्या चांगल्या येत होत्या. मी म्हणालो, बहरीनची नोकरी काय चीज आहे. टाळ्या. मी म्हणालो, माझ्या इमानाची किंमत करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आणखी टाळ्या. मग मी म्हणालो, उद्या त्या बहरीनवाल्याने विमान घेऊन पंचशीलनगरात यावं, माझे पाय धरावेत, तरी मी जाणार नाही. इतक्या टाळ्या पडल्या की विहाराच्या छपरावरची कबुतरं उडाली. भारावून बाबांनी माईक घेतला आणि हा शब्द समाजापुढे दिलेला आहे, याची सगळ्यांनी नोंद घ्यावी, असं जाहीर केलं.

पुढच्या आठवड्यात सावळीराम हवालदार पुन्हा आले. या वेळी ते लांबूनच सायकलची घंटी वाजवत होते. "पगारे, पेढे काढा," ते म्हणाले आणि त्यांनी दाखला माझ्या हातात ठेवला. स्वच्छ, कोरा करकरीत दाखला होता. त्यांच्या साहेबांनी विचारलं होतं, चोरी आहे का, मारामारी आहे का, कोर्टात शिक्षा झाली का? हवालदारांनी नाही म्हटल्यावर साहेब म्हणाले, मग सत्याग्रहाचं काय घेऊन बसलास, कर सही. आठ दिवसांपूर्वी मी ज्या प्रश्नाला एवढा छाती काढून सामोरा गेलो होतो, त्याला कोणी विचारतच नव्हतं.

मला आनंद झाला. तो दाखला घेऊन मी घरात वळलो आणि खाटेवर कोंडाजीबाबा दिसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "लोकांना सांगायला बरं. दाखला होता, व्हिसा मिळत होता, तरी गेला नाय."

मी म्हणालो, बाबा, आता अडचणच राहिली नाही. बाबा म्हणाले, अडचण आहे म्हणून न जाणं कोणालाही जमतं. नसताना जो जात नाही, तो खरा. आणि समाजापुढे शब्द दिला आहे. मी आशेने सुमनकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती.

"माझ्याकडे कशाला बघता?" ती म्हणाली. "माईक तुमच्या हातात होता."

मी भिमाबाईंकडे गेलो. दिलेला सत्कार परत घेता येतो का, असा प्रश्न वस्तीत आजवर निघालाच नव्हता. भिमाबाईंनी मनापासून विचार केला आणि हार तर आता सुकला, असं म्हणाल्या. मग खोटं न बोलण्याचं चौथं शील त्यांना आठवलं आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तिकडे एजंटची घाई चालली होती. तुम्ही येत नसाल तर दुसरा माणूस द्या, असा त्याचा निरोप कारखान्याच्या फोनवर आला. त्या दिवसांत मी इतका उदार झालो होतो की मी काळूचं नाव सुचवलं. त्याला नट-बोल्टांची नावं मीच पाठ करून घेतली. त्याच्या अटकेचं हवालदारांनी विचारलंसुद्धा नाही. सत्याग्रह म्हणजे काही नाही, हे आता ठाण्यात सगळ्यांना माहीत झालं होतं. ते मीच माहीत करून दिलं होतं. काळूच्या निरोपसमारंभाला अध्यक्ष म्हणून मला बसवलं, आणि सुमनने त्याला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, जरा जास्तच मनापासून.

दोन वर्षांनी काळू सुट्टीवर आला. त्याने दोन खोल्या बांधल्या आणि सगळ्या वस्तीला जेवायला बोलावलं. आम्ही गेलो. माझी खुर्ची पुढच्या रांगेतच होती, मान काही कमी झाला नव्हता. सुमन आत स्वयंपाकघर बघायला गेली ती बराच वेळ आली नाही. बाहेर आल्यावर माझ्या शेजारी बसून म्हणाली, "ओटा जरा उंच झालाय." मी म्हणालो, हो, आपण कमी उंच करू. ती हसली आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, जाऊ दे, आपण काही गमावलेलं नाही.

कोंडाजीबाबा नव्या सोफ्यावर मधोमध बसले होते. मांडीवर काळूने आणलेला टेप होता आणि त्यावर भीमगीत लागलं होतं. गाणं संपल्यावर त्यांनी टेपवरून हात फिरवला आणि जमलेल्या मंडळींना सांगितलं, "काळूसारका माणूस पायजे. तुरुंगात बी जाऊन आला, बहरीनला बी जाऊन आला."

मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "जावईबापू, तुमाला कोणी अडवलं व्हतं?"